तोच पत्रा, तेच डिझाइन, मग मोटरमधले ६० वॅट गेले कुठे?

भोसरीकर (धागाकर्ता)

मंडळी, दोन आठवडे डोकं पिकलंय म्हणून इथे टाकतोय. मी एका मोटर बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे, कुठली ते विचारू नका. नवीन मोटर आहे, ७.५ किलोवॅट, ४ पोल, १३२एम फ्रेम (बॉडीचा ठरावीक साइज), अ‍ॅल्युमिनियम बॉडी. आयई३ हा एफिशिएन्सीचा वर्ग, म्हणजे ५० हर्ट्झला एफिशिएन्सी ९०.४ टक्के पाहिजे. डेव्हलपमेंटला तीन प्रोटो (नमुना मोटरी) केले, तिन्ही ९०.६ च्या आसपास आले, साहेब खूश, डायची ऑर्डर गेली. आता डायवर (प्रेसच्या साच्यावर) कापलेल्या पत्त्यांची, म्हणजे ज्या एकावर एक रचून लोखंडी कोअर होतो त्यांची, पहिली लॉट बेंचवर चढवली तर ८९.९, ८९.८, ९०.०.

नो-लोड टेस्ट (मोटर लोडशिवाय फिरवून) नीट लावली, व्होल्टेज खाली आणत आणत वॅटचा आलेख काढला, फ्रिक्शन-विंडेज (घर्षण आणि हवेचा विरोध) वेगळं केलं, ते प्रोटोइतकंच आहे. वाइंडिंगचा रेझिस्टन्स तोच. सगळा फरक कोअर लॉसमधे, म्हणजे लोखंडात वाया जाणाऱ्या वॅटमधे. प्रोटोला १६० वॅट होता, आता २२० च्या घरात. पत्रा तोच, एम४००-५०ए (अर्धा मिलिमीटरचा ग्रेड), मिलचं सर्टिफिकेट आहे, वर आम्ही बाहेरच्या लॅबमधे एप्स्टीन (पत्र्याच्या पट्ट्यांचा लॉस मोजायची टेस्ट) पण करून घेतला, पास. डिझाइनवाला म्हणतो माझं गणित बरोबर, परचेसवाला म्हणतो माझा पत्रा बरोबर, आणि मधे मी. हे ६० वॅट गेले कुठे?

शंकासूर

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न, मी सिव्हिलवाला आहे. पत्रा तोच तर लॉस तोच असायला पाहिजे ना? लोखंडाला काय माहीत आपण कशाने कापले गेलो?

डायमेकर काका

लोखंडालाच तर माहीत असतं.

भोसरीकर, सविस्तर नंतर लिहितो, आधी तीन गोष्टी सांगा. प्रोटोच्या पत्त्या कशावर कापल्या होत्या? कोअर कसा बांधला होता? आणि बॉडीत कसा बसवला होता?

भोसरीकर

काका, प्रोटो वायरकटवर (तारेच्या ठिणगीने कापणाऱ्या मशीनवर) कापले, पत्त्या एकमेकांना चिकटवून कोअर केला, आणि बॉडीत स्लाइडिंग फिट करून बाहेरून ग्रब स्क्रू मारले होते कारण घाई होती. प्रॉडक्शनला प्रोग्रेसिव्ह डाय (प्रेसवर टप्प्याटप्प्याने कापणारी), कोअरला बाहेरून क्लीट (पत्त्या धरून ठेवणाऱ्या पट्ट्या), आणि बॉडी गरम करून श्रिंक फिट, म्हणजे गार झाली की ती कोअरला आवळते.

लिहिता लिहिता लक्षात आलं, एका दमात तीन गोष्टी बदलल्यात आम्ही. 🤦

डायमेकर काका

तरी बरं, स्वतःच म्हणालात.

राइनकाठची

हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय आहे म्हणून लांबलचक लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा. मी इथे जर्मनीत मोटरच्या पत्र्यांचं मोजमाप करते.

शंकासूर, तुमचा प्रश्न अजिबात बाळबोध नाही. लोखंडाच्या आत छोटे छोटे भाग असतात, प्रत्येकाचं चुंबकत्व एकेका दिशेला, त्यांना डोमेन म्हणतात. दोन डोमेनच्या मधे भिंत असते. गावाकडचं सांगायचं तर शेजारी शेजारी दोन भावांची शेतं आणि मधे बांध. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की एका भावाचा जोर होतो आणि बांध दुसऱ्याच्या शेतात सरकतो, क्षेत्र उलटं झालं की परत इकडे. आपल्या ५० हर्ट्झला सेकंदाला ५० वेळा ही भाऊबंदकी चालते. माती भुसभुशीत असेल तर बांध गुपचूप सरकतो, पण मातीत दगडगोटे असतील तर बांध दगडाला अडतो, मग जोर लावून अचानक सुटतो, आणि त्या प्रत्येक झटक्यात उष्णता होते. हाच हिस्टेरेसिस लॉस.

आता प्रेसमधे पत्ती कापली जाते तेव्हा कडेचा धातू आधी वाकतो, मग खेचला जातो, शेवटी फाटतो. तिथे स्फटिकाच्या रचनेत गुंते तयार होतात, तेच हे दगड. शिवाय कडेचा भाग कायमचा ताणला गेला आणि आतला नाही, त्यामुळे दोघांची एकमेकांशी ओढाताण चालू राहते, हा राहिलेला ताण. ताणाचा चुंबकत्वाशी संबंध आहे हे काही नवीन नाही, चुंबकत्वाने लोखंडाची लांबी बदलते हे जूलने १८४२ मधे दाखवलं आणि उलटं म्हणजे ताणाने चुंबकत्व बदलतं हे व्हिलारीने १८६५ मधे. मोटरच्या पत्र्यात थोडा ओढीचा ताण झाला तर फार बिघडत नाही, कधी कधी लॉस थोडा सुधारतो सुद्धा. पण दाबाचा ताण वाईट. फ्लक्सच्या दिशेने दाब पडला की डोमेन आडवी वळतात, त्यांना सरळ करायला जास्त करंट लागतो आणि लॉस चढतो.

भोसरीकर, तुमचा नो-लोड करंट पण वाढलाय का?

भोसरीकर

हो ताई! ६.१ अँपिअर होता, आता ६.६. मी म्हटलं एअर गॅप (रोटर-स्टेटरमधली फट) मोठा आला असेल, पण मोजला तर बरोबर आहे.

राइनकाठची

मग खूण पटली. पर्मिअ‍ॅबिलिटी, म्हणजे लोखंडाची सहज चुंबक व्हायची तयारी, पडली आहे.

आणि एप्स्टीनचं सर्टिफिकेट तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. एप्स्टीनची पट्टी ३० मिलिमीटर रुंद असते, तिच्या दोन कडा खराब झाल्या तरी मधे भरपूर चांगला पत्रा उरतो. तुमच्या १३२ फ्रेमच्या स्टेटरचा (न फिरणाऱ्या भागाचा) दात, म्हणजे दोन स्लॉटमधली पट्टी, किती रुंद आहे, साडेपाच मिलिमीटर? कटिंगचा परिणाम कडेपासून किती आत जातो यावर मतं वेगवेगळी आहेत, कुणी अर्धा मिलिमीटर मोजतं कुणी दोन-तीन, पत्रा, डाय आणि मोजायची पद्धत यावर अवलंबून. दीड धरा. दोन्ही कडांचे मिळून तीन झाले. म्हणजे साडेपाचातला निम्म्याहून जास्त दात नासलेला. ही मोटर म्हणजे सर्टिफिकेटवाला पत्रा नाहीच, तो पत्रा फक्त बॅक आयर्नच्या (दातांमागच्या कड्याच्या) मधोमध शिल्लक आहे.

हिशोबी

टेक्निकल मंडळींनो थांबा जरा. आयईसीमधे (आंतरराष्ट्रीय मानकात) टॉलरन्स आहे. १५० किलोवॅटपर्यंत (१-एफिशिएन्सी) च्या १५ टक्के. ९०.४ ला लॉस ९.६ टक्के, त्याचे १५ टक्के म्हणजे १.४४. म्हणजे ८८.९६ पर्यंत मोटर पास आहे. तुमची ८९.८ आली, कागदावर आयई३ च आहे. कशाला उगाच डाय उघडताय, डिस्पॅच करा.

भोसरीकर

हिशोबी, तुम्ही आमच्या परचेसला आहात का? अगदी हेच वाक्य सोमवारी ऐकलं 😀

टॉलरन्स हा मोजमाप आणि मालातल्या चढउतारासाठी असतो, सगळी लॉटच खाली बसवायला नाही. पहिल्याच लॉटला तो खाऊन टाकला तर पुढच्या लॉटला काय खाणार? शिवाय हे गिऱ्हाईक स्वतः मोजतं.

हिशोबी

बरं बाबा. पण हिशोब करून बघा, ६० वॅट, वर्षाला ६००० तास, ३६० युनिट. तीन-साडेतीन हजार रुपये. फार नाही.

कृष्णाकाठ वाइंडिंग

हिशोबी साहेब, दर वर्षी तीन हजार, मोटर पंधरा-वीस वर्षं चालते, आणि कोअर लॉस असा पाहुणा आहे की मोटरवर लोड असो नसो, स्विच दाबला की जेवायला हजर. निम्म्या लोडवर चालणाऱ्या मोटरी आमच्याकडे कमी नाहीत.

डायमेकर काका

आता माझं. ३१ वर्षं टूलरूममधे काढली, त्यातली निम्मी मोटर स्टॅम्पिंगच्या डाय सांभाळण्यात, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो.

अर्धा मिलिमीटर पत्र्याला पंच आणि डायमधे एका बाजूला साधारण पाच ते आठ टक्के क्लिअरन्स ठेवतात, म्हणजे तीन-चार शतांश मिलिमीटर. एवढ्याशा फटीत सगळा खेळ. डाय नवी असताना कापलेल्या कडेला वरचा चमकदार पट्टा आणि खालचा खरखरीत फाटलेला पट्टा स्वच्छ वेगळे दिसतात. धार गेली की पंच कापत नाही, ढकलतो. पत्ती आधी वाकते, कडा गोल होते आणि दुसऱ्या बाजूला बर्र (धातूचा धारदार काठ) येतो. बर्र आम्ही नखाने बघतो, नख अडलं की डाय उतरवायची. पण नाइट शिफ्टला प्रॉडक्शनचा आकडा पुरा करायचा असतो, कोण डाय उतरवतो? सकाळी पत्त्या हातात घेतल्या की बोटं कापतात.

आणि एक लक्षात ठेवा, बर्र हा फक्त दिसणारा भाग. बर्र घासून टाकता येतो, काही जण टाकतात आणि समजतात झालं. ताईंनी सांगितलेले दगड आतच राहतात. बर्रचा त्रास वेगळा, तो शेजारच्या पत्तीचं इन्सुलेशन फोडून तिला चिकटतो आणि एडी करंटला (लोखंडातच गोल फिरणाऱ्या करंटला) रस्ता देतो. धार गेली की दोन्ही नुकसान एकदम सुरू होतात.

भोसरीकर, पहिलीच लॉट आहे म्हणता म्हणजे डाय नवी असणार. तरी स्ट्रोक किती झाले आणि बर्र किती आहे ते मोजून टाका इथे.

शंकासूर

काका, मग लेझरने का नाही कापत? ना पंच, ना ढकलाढकली.

राइनकाठची

लेझरला वाकवाकवी नाही हे खरं, पण उष्णतेचा धक्का आहे. कडेची पट्टी वितळण्याइतकी तापते आणि क्षणात गार होते, आतलं लोखंड थंडच, त्यामुळे कडेला ताण राहतो. कमी फ्लक्सला लेझरने कापलेला पत्रा कधी कधी पंच केलेल्यापेक्षा वाईट वागतो. वायरकट सगळ्यात सभ्य, पण एका पत्तीला किती वेळ लागतो ते भोसरीकरांना विचारा. म्हणून प्रोटो वायरकटवर करायचे आणि प्रॉडक्शन डायवर आणि मग दोन्हीचे आकडे सारखे येतील अशी अपेक्षा करायची, यात दर वर्षी कुणीतरी फसतं. इथे पण फसतात, तुम्ही एकटे नाही.

सातपूरकर

स्टेटरच्या मागे सगळे हात धुऊन लागलात, रोटरला (फिरणाऱ्या भागाला) कुणी विचारेना. मी रोटर टर्निंगचं काम घेतो. रोटरमधे अ‍ॅल्युमिनियम ओतून कास्टिंग झाल्यावर ओडी (बाहेरचा व्यास) टर्न करतात, टूल बोथट असलं तर पत्त्यांच्या कडा एकमेकांवर लोण्यासारख्या पसरतात आणि वरून एक सलग कातडी तयार होते. स्टेटरच्या दातांमुळे रोटरच्या पृष्ठभागावर जो हाय फ्रिक्वेन्सी फ्लक्स नाचतो तो या कातडीत भरपूर करंट फिरवतो, आणि हा लॉस तुमच्या नो-लोड टेस्टमधे कोअर लॉस म्हणूनच दिसतो. प्रोटोचा रोटर उचलून प्रॉडक्शनच्या स्टेटरमधे घालून बघा. तासाभराचं काम.

भोसरीकर

हे डोक्यातच आलं नव्हतं. करतो.

हिशोबी

मग सरळ भारी पत्रा घ्या ना. एम२७०-३५ए (पातळ, कमी लॉसचा). पैसे जातील पण कटकट मिटेल.

राइनकाठची

मिटणार नाही पूर्ण. पातळ पत्र्याने एडी करंट कमी होतो हे खरं, पण जास्त सिलिकॉनचा, मोठ्या कणांचा पत्रा कटिंगला जास्त हळवा असतो. सर्टिफिकेटवरचा फायदा जेवढा दिसतो तेवढा मोटरमधे उतरत नाही. साडेसहा टक्के सिलिकॉनच्या पोलादाची चुंबकत्वाने लांबी जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे ताणाचा त्याला फारसा फरक पडत नाही, पण ते काचेसारखं ठिसूळ, पंच करायला महाकठीण आणि किंमत विचारूच नका.

अवांतर: इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधे पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास आणि फ्रिक्वेन्सी शेकडो हर्ट्झ. तिथे एडी करंटचा वाटा मोठा होतो, त्यामुळे टक्केवारीत बघितलं तर कटिंगचा परिणाम थोडा झाकला जातो. पंप-पंख्याच्या ५० हर्ट्झच्या मोटरीत तो उघडा पडतो.

तर भोसरीकर, मला तुमच्या श्रिंक फिटवर सगळ्यात जास्त संशय आहे. अ‍ॅल्युमिनियमचं प्रसरण २३, पोलादाचं १२, दर दशलक्ष भागांना दर अंशाला. २१० मिलिमीटरचा कोअर ७० अंश तापला आणि बॉडी पण तेवढीच तापली तर व्यासात ०.१६ मिलिमीटरचा फरक पडतो. गरम असताना कोअर बॉडीत फिरू नये म्हणून डिझाइनवाला थंड असताना तेवढा जास्त आवळतो. हा आवळ बॅक आयर्नमधे गोल गोल दाब देतो, आणि फ्लक्स पण तिथे गोल गोलच जातो. दाब आणि फ्लक्स एकाच दिशेने, म्हणजे सगळ्यात वाईट जोडी.

हे तपासायला लूप टेस्ट करा. नुसता कोअर घ्या, बोअरमधून (मधल्या भोकातून) आणि बाहेरून वायरचे २० वेढे द्या. कोअरची लांबी १६० आणि बॅक आयर्न २० मिलिमीटर धरलं, स्टॅकिंग फॅक्टर (लांबीतला खऱ्या लोखंडाचा वाटा) ०.९६, तर ४.४४ × ५० × १.२ टेस्ला × ०.००३०७ चौरस मीटर, वेढ्याला ०.८२ व्होल्ट, वीस वेढ्यांना साडेसोळा व्होल्टच्या आसपास. व्होल्टेज मोजायला वेढे वेगळे घ्या, पॉवरवाल्या वेढ्यांवर मोजू नका. तोच कोअर बॉडीत ठोकायच्या आधी आणि नंतर मोजा. नंतरच्या वेळी वेढे बॉडीवरूनच जातील, म्हणून थोडा फ्लक्स बॉडीतून पण जाईल, पण अ‍ॅल्युमिनियम असल्याने तुमच्या बाबतीत ते नगण्य.  आधी ढोबळ आकडा बघू.

एक गोम आहे, लूप टेस्टमधे फ्लक्स फक्त बॅक आयर्नमधून फिरतो, दातांत जात नाही. म्हणजे दातांचं पंचिंग बिघडलं असेल तर ही टेस्ट गप्प बसेल. श्रिंक फिट मात्र पकडेल.

कृष्णाकाठ वाइंडिंग

लूप टेस्ट आम्ही रिवाइंडिंगच्या आधी आणि नंतर करतो, म्हणजे करायला पाहिजे, सांगलीत किती जण करतात ते विचारू नका. जळालेलं वाइंडिंग काढायला कोअर भट्टीत जाळतात, त्याला ३७० अंशाची मर्यादा सांगितलेली आहे, आणि लॉस २० टक्क्यांवर वाढला तर कोअर तपासा म्हणतात. आमच्या इथे बरेच जण गॅसची बत्ती लावून जाळतात, कोअर लाल होईपर्यंत. मग शेतकरी म्हणतो मोटर भरल्यापासून जास्त तापते.

पण मला एक सांगा ताई, भट्टीत ताण जातो म्हणतात. मग आमच्या जाळण्याने कोअर सुधारायला पाहिजे की!

राइनकाठची

😄 प्रश्न भारी आहे. ताण घालवायला ७५० अंशाच्या आसपास तासभर तरी ठेवावं लागतं, तेही नायट्रोजनसारख्या वायूत, हवेत नाही, आणि सावकाश गार करायचं. ३७० ला त्यातलं फारसं काही होत नाही. बत्तीने एखाद्या जागी ७०० होईल पण तिथलं कोटिंग जाईल आणि पत्त्या एकमेकींना चिकटतील. म्हणजे फायदा नाही, तोटा पक्का.

डायमेकर काका

भोसरीकर, एक कोअर भट्टीत घालून बघणार असाल तर आधी पत्र्याचं कोटिंग बघा. सी-३ असेल तर ते ऑरगॅनिक वॉर्निश आहे, भट्टीत जळून जाईल. सी-५ टिकतं. आणि रोटर भट्टीत द्यायचा तर कास्टिंगच्या आधी, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. हसू नका, एका ठिकाणी कास्ट केलेले रोटर खरंच ट्रॉलीवर चढवलेले बघितलेत, वेळेवर कुणीतरी ओरडला म्हणून वाचले.

भोसरीकर (नऊ दिवसांनी)

उशीर झाला, माफी. जे केलं ते क्रमाने सांगतो.

रोटरची अदलाबदल केली. प्रोटोचा रोटर प्रॉडक्शन स्टेटरमधे, चार-पाच वॅटचा फरक. सातपूरकर, तुमचा माणूस निर्दोष सुटला, निदान या वेळी.

लूप टेस्ट केली. सुटे कोअर, वायरकटचा आणि डायचा, बॅक आयर्नमधे थोडाच फरक. मग डायचा कोअर बॉडीत ठोकला आणि त्याच व्होल्टेजला वॅट सरळ वर गेले, करंट पण. ताईंनी सांगितलं ते डोळ्यांनी बघितलं. बॉडीचे बोअर मोजले तर सगळे ड्रॉइंगच्या खालच्या टोकाला, काही दोन शतांश त्याच्याही खाली. बोअरिंगचं फिक्श्चर नवीन आहे आणि तपासणीला गो गेज (बोअर लहान असेल तर आत न जाणारं माप) वापरतच नव्हते. म्हणजे डिझाइनने आवळ दिलाच होता, त्यावर शॉपने आणखी आवळला.

तीन बॉडी बोअर वाढवून घेतल्या, ड्रॉइंगच्या मधोमध आणल्या, फिरू नये म्हणून बाहेरून लॉकिंग पिन दिली. कोअर लॉस २२० वरून १९२. नो-लोड करंट ६.३.

काका, डायचे स्ट्रोक विचारले होते. नवी डाय नाही हो ती! आमच्या व्हेंडरकडे जुन्या मोटरसाठी हीच पत्ती चालू होती, स्लॉटचे पंच तेवढे नवीन केले, बोअर आणि ओडीचे जुनेच. शेवटची धार कधी लावली याची नोंद नाही. ओडीच्या बाजूचा बर्र ०.०६, स्लॉटला ०.०२.

डायमेकर काका

नोंद नाही म्हणजे लावलेली नाही. धार लावून घ्या आणि परत पत्त्या मागवा. आणि डाय कार्ड सुरू करा, प्रत्येक धारेला स्ट्रोक आणि बर्र लिहायचा. व्हेंडर कुरकुर करेल, करू द्या.

हिशोबी

बोअर वाढवायला आणि पिनेला किती खर्च आला?

भोसरीकर

बोअर बरोबर करायला शून्य, तो मुळात बरोबरच यायला हवा होता. पिनेला ड्रिलिंग धरून २२ रुपये.

हिशोबी

मग पिन ठेवा.

भोसरीकर (आणखी सहा दिवसांनी)

धार लावल्यानंतरच्या पत्त्या आल्या, बर्र सगळीकडे ०.०२ च्या आत. दोन मोटरी केल्या. कोअर लॉस १८१ आणि १७९. एफिशिएन्सी ९०.४ आणि ९०.४. पास, पण प्रोटोपेक्षा अजून २० वॅट वर. क्लीटमुळे काही असेल, बाकीचं नव्या धारेने कापलं तरी दातांत राहणारच असं ताई म्हणाल्या होत्या ते. पत्रा आमचा सी-५ निघाला, म्हणून एक कोअर वाइंडिंगच्या आधी भट्टीत देतोय, चाकणला एकाकडे गुरुवारी जागा मिळाली आहे, त्याच्या नेहमीच्या मालाबरोबर एका कोपऱ्यात बसवतो म्हणाला.

राइनकाठची

कोपऱ्यात नको, मधे ठेवायला सांगा, आणि सपाट प्लेटवर. तापलेला कोअर स्वतःच्या वजनाने वाकडा होतो, मग बोअर लंबगोल येईल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल.

शंकासूर

वाखू (वाचनखूण) साठवली. आता घरातला पंखा बंद-चालू करताना मला भाऊबंदकी दिसते.